मार्टा कशी घडली? मुलांमध्ये खेळणाऱ्या मुलीच्या पालकांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आलाय: मुलगी १२ वर्षांची आहे, सोसायटीजवळच्या ग्राउंडवर मुलांमध्ये फुटबॉल खेळते, चांगली खेळते, ब्राझीलची महिला फुटबॉलपटू मार्टा, तिचे व्हिडिओ बघून तसंच करायला बघते. तर ही मार्टा लहानपणी नक्की कशी घडली, तिला कोणी शिकवलं, आपल्या मुलीला आता मुलांमधून काढून मुलींच्या टीममध्ये टाकावं का, आणि पुढे १४ची झाली की बाहेर पाठवायची वेळ आली तर काय करायचं.

मी बरीच वर्षं मुलींना फुटबॉल शिकवतेय, आणि मार्टाची गोष्ट पालकांना इतक्यांदा सांगितलीय की आता तिच्यातलं कुठलं खरं महत्त्वाचं आणि कुठलं नुसतं ऐकायला छान ते मला माझ्यापुरतं तरी पक्कं झालंय. नेहमी सांगतात ते असं की गरीब घरातली मुलगी, अनवाणी खेळायची, टॅलेंट इतकं की जगाला दखल घ्यावीच लागली. यातलं पहिलं बरोबर आहे. शेवटचं मला अजिबात पटत नाही. जगाने दखल घेतली कारण मध्ये दोन-तीन ठिकाणी कोणीतरी दार उघडून ठेवलं होतं, आणि त्यातलं एक जरी बंद असतं तर मार्टा हे नाव तिच्या गावाबाहेर कोणाला कळलं नसतं. हे मी मोठं करून सांगत नाहीये, खाली वाचा म्हणजे कळेल.

मार्टा व्हिएरा दा सिल्वा, जन्म १९ फेब्रुवारी १९८६. गाव दोईस रियाशोस, ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या अलागोआस राज्यात. ब्राझील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा आणि कार्निव्हल येतं, पण हा भाग आतला, कोरडा, दुष्काळी, वस्ती जेमतेम दहा-अकरा हजारांची. चार भावंडांत ही सगळ्यात धाकटी. ती वर्षाची असेल नसेल तेव्हा वडील घर सोडून गेले, आई तेरेझा कामाला जायची, मुलं आपली आपण वाढली. वह्या-पुस्तकांचे पैसे नव्हते म्हणून शाळासुद्धा बरीच उशिरा सुरू झाली. बॉल घ्यायला पैसे कुठले, मग कोणीतरी टाकून दिलेला हवा गेलेला बॉल, नाहीतर दुकानातल्या पिशव्या चुरगाळून बांधलेला गोळा, आणि खेळायला गल्लीतली मुलं. मुली खेळतच नव्हत्या. अख्ख्या गावात ही एकटी.

एकटी का, तर याला इतिहास आहे आणि तो पालकांना मी मुद्दाम सांगते. ब्राझीलमध्ये १९४१ साली सरकारने हुकूम काढून बायकांना "त्यांच्या प्रकृतीला न मानवणारे" खेळ खेळायला बंदी घातली होती. पुढे १९६५ मध्ये त्या यादीत फुटबॉलचं नाव स्पष्ट लिहिलं गेलं. म्हणजे पेलेचा ब्राझील १९५८, १९६२, १९७० असे वर्ल्डकप जिंकत होता तेव्हा त्याच देशात मुलीने बॉलला पाय लावणं कायद्याने चूक होतं! बंदी उठली १९७९ मध्ये, आणि बायकांच्या फुटबॉलला रीतसर नियम, मान्यता मिळायला १९८३ उजाडलं. मार्टाचा जन्म त्यानंतर तीन वर्षांचा. कायदा कागदावरून गेला तरी चाळीस वर्षांत डोक्यात बसलेलं तीन वर्षांत जात नाही. गावातल्या लोकांना खरंच वाटायचं की या मुलीत काहीतरी बिघाड आहे. मोठा भाऊ जोझे तिला खेळताना बघितलं की ओढून घरी न्यायचा, लोक काय म्हणतील याची लाज. हे आपल्याकडच्या पालकांना समजावून सांगावं लागत नाही.

आता मुलांमध्ये खेळण्याचा मुद्दा. मार्टाचा खेळ नीट बघितलात, म्हणजे गोल नाही, गोलच्या आधीचे तीन-चार सेकंद बघितलेत, तर कळेल की ही सगळी मुलांमधली कमाई आहे. ती डावखुरी, उंचीने मध्यम (सव्वापाच फुटांच्या जरा वर), अंगाने बारीक. समोर आपल्यापेक्षा दणकट मुलगा असेल तर धक्का मारून जिंकता येत नाही, मग शरीर आपोआप दुसरा मार्ग शोधतं. बॉल पायाला चिकटवून ठेवायचा, समोरच्याने पाय टाकला की त्याच क्षणी दिशा बदलायची, वजन एका बाजूला दाखवून दुसऱ्या बाजूने निघायचं. आम्ही याला बॉडी फेंट म्हणतो, कोन (मैदानात मांडायचे प्लास्टिकचे शंकू) लावून मुलींकडून शेकडो वेळा करून घेतो आणि तरी मॅचमध्ये दिसत नाही, कारण कोन पाय टाकत नाही आणि लाथही घालत नाही. मार्टाला ते रोज संध्याकाळी खऱ्या लाथा चुकवत शिकावं लागलं. त्यात बॉल असा की सरळ उसळणारच नाही, जमीन खडबडीत, त्यामुळे पहिला टच चुकला की बॉल गेला. तिचा पहिला टच इतका मऊ का याचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं.

म्हणून १२ वर्षांच्या मुलीबद्दल माझं सरळ मत: मुलांमध्ये खेळतेय आणि आवडीने खेळतेय तर काढू नका. मुलींची टीम मिळत असेल तर तीही जोडा, दोन्ही चालू द्या. मुलांमध्ये तिला वेग आणि दबाव मिळेल, मुलींमध्ये तिला बॉल जास्त मिळेल, जबाबदारी मिळेल, मैत्रिणी मिळतील, आणि हे शेवटचं कोणी धरत नाही पण बहुतेक मुली खेळ सोडतात त्या एकट्या पडल्यामुळे. तेरा-चौदाच्या पुढे मुलांची ताकद आणि वजन झपाट्याने वाढतं, तेव्हा रोजच्या सरावात ठीक आहे पण फुल मैदानावरच्या मॅचमध्ये अंगावर अंग आपटण्याचा धोका बघावा लागतो. तो निर्णय वयाच्या आकड्यावर घेऊ नका, मैदानावर जाऊन दोन-तीन मॅच बघा. ती बॉल मागते का, की बॉल आला की घाईने दुसऱ्याला देऊन मोकळी होते? मागत असेल तोवर ठेवा.

मार्टाच्या बाबतीत हा निर्णय तिने घेतलाच नाही, दुसऱ्यांनी घेतला. ती मुलांच्या टीममधून आजूबाजूच्या स्पर्धा खेळायची, एकुलती एक मुलगी, आणि जिंकून द्यायची. अशाच एका स्पर्धेत समोरच्या टीमच्या कोचने सांगितलं की ही मुलगी खेळणार असेल तर मी माझी टीम काढून घेतो. आयोजकांनी काय केलं असेल? मुलीला बाहेर काढलं. तिने नंतर मोठेपणी स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहिलंय त्यात हा प्रसंग आहे आणि वाचताना कळतं की इतक्या ट्रॉफ्या मिळवूनसुद्धा तो गेलेला नाही. मला यात त्या कोचपेक्षा आयोजकांचा राग जास्त येतो, कारण हरायला घाबरणारा कोच प्रत्येक तालुक्यात एक असतो, पण नियम त्याच्यासाठी वाकवायचा की नाही हे टेबलावर बसलेल्या माणसांच्या हातात असतं.

आता या ठिकाणी गोष्ट संपायला हवी होती. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, मुलांच्या स्पर्धा बंद, मुलींची टीम जवळपास नाही. आपल्याकडे शंभरातल्या बहुतेक जणींची गोष्ट इथेच संपते. तिची संपली नाही कारण गावातल्या एका ओळखीच्या माणसाची रिओमध्ये ओळख होती आणि त्याने ट्रायलसाठी शब्द टाकला. २००० साल, वय १४. दोईस रियाशोस ते रिओ दि जानेरो, साधारण दोन हजार किलोमीटर, बसने तीन दिवस. आईला सोडून, पूर्वी कधी न बघितलेल्या शहरात.

ट्रायल होती वास्को द गामा क्लबमध्ये (गोव्याचं वास्को नाही, रिओमधला जुना मोठा क्लब, पण दोघांच्या नावामागे तोच दर्यावर्दी). तिथे मुलींच्या टीमचं काम बघायच्या एलेना पाशेको. मार्टाच्या गोष्टीत पेलेचं नाव जितक्या वेळा येतं त्याच्या दहावा हिस्सासुद्धा या बाईंचं येत नाही आणि मला ते फार लागतं. त्या काळात रिओच्या एका मोठ्या क्लबमध्ये मुलींचा विभाग चालवणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा, मैदान मुलांच्या सरावानंतर उरलेल्या वेळात, पैसे नाहीत, पेपरात बातमी नाही. तरी त्यांनी तो चालवला म्हणून बस जिथे थांबली तिथे जायला एक जागा होती. लाजाळू, कोणाशी न बोलणारी खेड्यातली पोरगी आली, बॉल पायात आला, आणि पाशेकोंना जे बघायचं ते दिसलं. ट्रायल घेणाऱ्या माणसाची खरी परीक्षा यातच असते, कारण ट्रायलला शहरातल्या मुली बोलक्या असतात, चांगल्या किटमध्ये असतात, कोचच्या समोर समोर राहतात, आणि बाहेरून आलेली मुलगी कडेला उभी असते. जो कोच फक्त पुढे पुढे करणारीकडे बघतो त्याच्या हातून मार्टा निसटते.

पण दार उघडं राहिलं किती दिवस? थोड्याच काळात वास्कोने बायकांचा विभागच बंद केला. नवल नाही, तेव्हा ब्राझीलमध्ये हे चालायचंच, क्लबला पैसे कमी पडले की पहिली कात्री बायकांच्या टीमवर. मार्टा मग मिनास जेराइस राज्यातल्या सांता क्रूझ नावाच्या छोट्या क्लबमध्ये गेली, दोन सीझन तिथे काढले. ही दोन वर्षं व्हिडिओंमध्ये कुठेच नसतात. मला तीच सगळ्यात अवघड वाटतात: घर दूर, मोठा क्लब हातातून गेलेला, वय १६-१७, आणि तरी सराव चालू. याच वयात देशाच्या टीमने मात्र तिला धरून ठेवलं. २००२ मध्ये कॅनडात मुलींची १९ वर्षांखालची पहिली जागतिक स्पर्धा झाली त्यात ती १६ वर्षांची असताना खेळली, आणि २००३ मध्ये १७व्या वर्षी सिनियर वर्ल्डकप, अमेरिकेत. ब्राझील क्वार्टर फायनलला स्वीडनकडून २-१ हरलं, ब्राझीलचा तो एक गोल मार्टाचाच, पेनल्टीवर.

आणि पुढचं दार स्वीडनमध्येच उघडलं. उमिओ नावाचं शहर, नकाशात बघा, पार उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्या थोडं खाली. तिथल्या क्लबने बोलावलं तेव्हा तिला आधी कोणीतरी थट्टा करतंय असं वाटलं. २००४ च्या सुरुवातीला, १८ वर्षांची, अलागोआसच्या उन्हात वाढलेली मुलगी बर्फात उतरली, भाषा येत नाही, घरचं कोणी नाही. तिथे होतं काय तर जे ब्राझीलने दिलं नव्हतं ते सगळं. नियमित लीग, ठरलेल्या तारखा, फक्त बायकांच्या टीमसाठी काम करणारा स्टाफ, फिजिओ, महिन्याला पगार, आणि प्रत्येक आठवड्याला चांगली डिफेंडर समोर. उमिओ तेव्हा युरोपातला सर्वात भारी संघ होता. मार्टा आली त्याच वर्षी त्यांनी युरोपियन कपच्या फायनलमध्ये फ्रँकफर्टला दोन मॅच मिळून ८-० हरवलं. मग २००५ ते २००८ सलग चार वेळा स्वीडिश लीग. ती स्वीडिश शिकली, अस्खलित बोलते, पुढे २०१७ मध्ये नागरिकत्वही घेतलं.

कोच म्हणून मला तिच्या खेळातला फरक इथे दिसतो. ब्राझीलमधली मार्टा बॉल घेऊन सगळ्यांना चकवायची. उमिओमध्ये ती कधी चकवायचं नाही हे शिकली. बाजूला हान्ना ल्युंगबर्गसारखी स्ट्रायकर असेल तर दोघींना चकवण्यापेक्षा एका पासमध्ये काम होतं, आणि डिफेंडरला पासची भीती बसली की मग चकवणं सोपं होतं. मुलांमध्ये मिळवलेलं ड्रिब्लिंग आणि लीगमध्ये मिळवलेला निर्णय, दोन्ही एकत्र आले तेव्हा ती जगात पहिली झाली. २००६ मध्ये, २०व्या वर्षी, फिफाची वर्षातली सर्वोत्तम खेळाडू, आणि मग २०१० पर्यंत सलग पाच वेळा. सहावा पुरस्कार २०१८ मध्ये.

२००७ हे वर्ष जरा सावकाश सांगते कारण त्यात सगळं आहे. जुलैमध्ये रिओत पॅन अमेरिकन गेम्सची (उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्या देशांची क्रीडास्पर्धा) फायनल, माराकाना स्टेडियम, साठ हजारांच्या वर लोक, ब्राझील ५, अमेरिका ०. अमेरिकेने तरुण टीम पाठवली होती हे खरं, पण माराकाना बायकांच्या मॅचसाठी भरलं हेही खरं, आणि ज्या देशात २८ वर्षांपूर्वीपर्यंत बंदी होती तिथे. त्यानंतर माराकानाच्या दिग्गजांच्या यादीत मार्टाच्या पायांचे ठसे घेतले, बाईचे पहिलेच.

मग सप्टेंबरमध्ये चीनमध्ये वर्ल्डकप. सेमीफायनल, हांगझौ, समोर पुन्हा अमेरिका, पण या वेळी पूर्ण ताकदीची, ५१ मॅच न हरलेली. ब्राझील ४-० जिंकलं. मार्टाचे दोन, त्यातला ७९व्या मिनिटाचा गोल तुमची मुलगी बघत असणार. तो तिच्यासोबत बसून स्लो करून बघा. बॉल हवेतून येतो, मार्टाची पाठ गोलकडे, पेनल्टी बॉक्सच्या डाव्या कडेला, पाठीला डिफेंडर चिकटलेली. मार्टा बॉल थांबवतच नाही. एका टचने तो डिफेंडरच्या एका बाजूने मागे टोलवते आणि स्वतः दुसऱ्या बाजूने गर्रकन फिरून निघते, डिफेंडरला बॉल बघू की माणूस बघू कळत नाही, तोवर ही पुढे. मग आत येताना दुसरी डिफेंडर, तिलाही कट मारून हलवलं, आणि शॉट. मुली फक्त ती पहिली फिरकी शिकायला बघतात. मी त्यांना सांगते की त्याआधीचं बघा, बॉल येण्यापूर्वी मार्टाने डिफेंडर कुठल्या खांद्याला आहे हे ओळखलेलं असतं, पाठीवर तिचं वजन जाणवतंय त्यावरून. ते कळलं नाही तर फिरकीचा काही उपयोग नाही. आणि दुसरं, इतकं सगळं करून झाल्यावर डोकं शांत ठेवून शॉट मारलाय. दमलेल्या पायांनी.

फायनल शांघायला जर्मनीशी. ०-२ हरले. स्कोर ०-१ असताना मार्टाला पेनल्टी मिळाली होती, ती जर्मन गोलकीपर नादिन आंगेररने अडवली. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू मार्टा, सर्वात जास्त गोल मार्टाचे, ७, आणि कप दुसऱ्यांकडे. मुलीला हेही दाखवा. बक्षीस समारंभात ब्राझीलच्या मुलींनी एक बॅनर धरला होता ज्याचा अर्थ असा की ब्राझील, आम्हाला पाठबळ हवंय. वर्ल्डकपचं रौप्यपदक गळ्यात आणि स्वतःच्या देशाकडे हे मागावं लागतंय, कारण तोवर देशात बायकांसाठी धड राष्ट्रीय स्पर्धा नव्हती. त्याच वर्षी बायकांचा कोपा दो ब्राझील, म्हणजे देशभरातल्या क्लबांची कप स्पर्धा, सुरू झाला. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतल्या प्रत्येक क्लबला बायकांची टीम ठेवणं बंधनकारक व्हायला मात्र २०१९ उजाडलं. नियम आल्यावर काय होतं बघायचं असेल तर २०२२ च्या १७ वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपमधली भुवनेश्वरची मॅच आठवा, ब्राझीलने आपल्या मुलींना ५-० हरवलं. आपल्या मुली कमी कष्टाळू नव्हत्या हो. समोरच्या मुलींना क्लब होते, वयोगटाच्या मॅचेस होत्या, दर आठवड्याला दबाव होता. त्याच स्पर्धेची फायनल नवी मुंबईत झाली, मॅचेस मडगावलाही झाल्या, आणि कितीतरी मुलींनी पहिल्यांदा आपल्या वयाच्या मुली भरलेल्या स्टेडियममध्ये खेळताना बघितल्या. पण बघितल्यानंतर सोमवारी खेळायला जायचं कुठे, हा प्रश्न बऱ्याच जिल्ह्यांत तसाच आहे.

म्हणून १४व्या वर्षी बाहेर पाठवण्याबद्दल. मार्टा गेली म्हणून तुमच्या मुलीने जावंच असं नाही, तिच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता. आधी जवळच्या पन्नास-साठ किलोमीटरमध्ये काय आहे ते बघा, शालेय जिल्हास्तरीय स्पर्धेत कुठल्या शाळा मुलींची टीम उतरवतात ते क्रीडा कार्यालयात विचारा, जिल्हा फुटबॉल असोसिएशनकडे मुलींची नोंदणी कुठल्या क्लबची आहे ते विचारा. बाहेरची अकॅडमी निवडायची वेळ आलीच तर बिल्डिंग आणि टर्फ नंतर बघा. आधी विचारा की गेल्या वर्षी तुमच्या मुलींनी बाहेरच्या टीमशी खऱ्या मॅच किती खेळल्या, दहा-बारासुद्धा नसतील तर तो नुसता क्लास आहे. मुलींच्या हॉस्टेलला राहणारी वॉर्डन कोण, स्टाफमध्ये बाई आहे का, पाळीच्या दिवसांत सराव कसा ठरवतात, शाळा कुठली आणि हजेरी खरी लागते का, गुडघा दुखावला तर फिजिओ कोण आणि खर्च कोणाचा. गुडघ्याचं मुद्दाम लिहितेय, वयात येणाऱ्या मुलींमध्ये लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, वॉर्मअपमध्येच उडी मारून नीट उतरण्याचा, एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव रोज हवा, आणि जो कोच "त्याची काही गरज नाही" म्हणेल तिथे मुलीला ठेवू नका. ट्रायलला जाताना तिला एकटीला पाठवू नका पण मैदानाबाहेरून ओरडून सूचनाही देऊ नका. आणि तिथे सिनियर झालेल्या दोन मुलींशी कोच जवळ नसताना बोला, त्या पाच मिनिटांत जेवढं कळेल तेवढं कुठल्या माहितीपत्रकात नसतं. फी भरायच्या आधी हे बोलणं करा, नंतर नाही.